कुटारावरची उलटी उडी: पोराला थांबवू की शिकू देऊ?

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मुलगा एकोणीस वर्षांचा. मित्रांसोबत कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगावर उलट्या उड्या मारतो, कालव्याच्या पुलावरून सूर मारतो, त्याचे रील टाकतो. आता म्हणतो, मुंबईला जाऊन स्टंटमॅन होतो. आई रडते, मी ओरडतो, तो ऐकत नाही. थांबवू की शिकू देऊ? आणि शिकायचंच असेल तर कुठे?"

भाऊ, शिकू द्या. पण कालव्यावरचा सूर आजपासून बंद. पोरं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायचा खेळ करत असतील तर तोही बंद. बाकी सगळ्यावर बोलता येईल, या दोन गोष्टींवर नाही. काहून, ते पुढे सांगतो.

मी मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्समधून आलेला माणूस. काही वर्षं मुंबईत फिल्मच्या फाइट मास्तरांच्या हाताखाली फायटर, म्हणजे स्टंट करणारा, म्हणून काम केलं. आता अमरावतीकडे पोरांना शिकवतो आणि हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतल्या मारामाऱ्या बसवून देतो. तुमच्या पोराला पडद्यावर उडी दिसते. त्या उडीखाली काय होतं ते दिसत नाही, कारण ते दिसू नये म्हणूनच अर्धं युनिट राबत असतं.

हिरो तिसऱ्या मजल्यावरून पडतो तो सीन घ्या. पहिल्या शॉटमध्ये हिरो कठड्यावरून पलीकडे जातो आणि चार-पाच फुटांवर बांधलेल्या फळीवर, गादीवर पडतो. दुसऱ्या शॉटमध्ये कॅमेरा खाली असतो आणि वरून डुप्लिकेट येतो, तो एअरबॅगवर, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या गादीवर. तिसऱ्या शॉटमध्ये हिरो जमिनीवर लोळण घेऊन धुळीतून उठतो. हे तिन्ही शॉट वेगवेगळ्या दिवशी, कधीकधी वेगवेगळ्या गावांत घेतलेले असतात. माणसाला हवेत धरणारी केबल लावली असेल तर ती नंतर कॉम्प्युटरवर पुसली जाते. फुटणारी खुर्ची हलक्या लाकडाची असते, अंगावर फुटणारी काच काच नसतेच. ठोसा तोंडापासून वीतभर लांबून जातो, पण कॅमेरा लांबच्या लेन्सने बघत असल्यामुळे ती वीत दिसत नाही. मारामारी घेताना कॅमेरा थोड्या कमी वेगाने चालवून ती नेहमीच्या वेगाने दाखवली की हात अधिकच सपसप चालतात. म्हणून मी माझ्या पोरांना सीन दाखवताना मध्येच थांबवून एकच विचारतो: यातून काय काढून टाकलंय? ज्याला हे सांगता येत नाही, त्याने तो सीन करून बघू नये. तुमचा पोरगा नक्कल करतो ती उरलेल्या भागाची.

झाडीपट्टीत हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. रात्रभर चालणारं नाटक, समोर मैदानभर माणूस, आणि खलनायकाने थप्पड मारली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. मारणाऱ्याचा हात गालापुढून नुसता फिरतो. आवाज काढतो तो मार खाणारा, प्रेक्षकांकडे पाठ करून, स्वतःचेच दोन तळवे छातीपाशी एकमेकांवर आपटून, आणि त्याच क्षणी मान झटकून. हात, आवाज आणि मान यांचं टायमिंग जुळायला नव्या नटाला आठवडा लागतो. इतकी मेहनत साध्या थपडेला! मग पाठीमागे उलटी उडी किती तयारीने घ्यावी लागेल, याचा अंदाज करा.

आता थोडं गणित, कारण तुमच्या पोराला ओरडून समजणार नाही, पण आकडा समजेल. पाच मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीहून थोड्या कमी उंचीवरून पडलं तर खाली पोहोचताना वेग ताशी ३६ किलोमीटर होतो. त्या वेगाची फार भीती नाही. माणूस मरतो तो थांबताना. थांबायला किती अंतर मिळालं, यावर सगळं आहे. तीन मीटरवरून येऊन तीन सेंटिमीटरात थांबलात, तर क्षणभर अंगावर तुमच्या वजनाच्या सरासरी शंभर पट जोर येतो. साठ किलोचं पोरगं असेल तर सहा टन. तेच थांबणं तीस सेंटिमीटरात झालं तर दहा पट. उंची दुप्पट केली की थांबायचं अंतरही दुप्पट हवं. गुडघे मोडून, पुढे लोळण घेऊन पडायला शिकवतात ते याचसाठी: थांबायला अंतर मिळतं. ताठ पायांनी पडलेल्याची टाच फुटते आणि तोच धक्का वर जाऊन कमरेचा मणका दबतो. टाच फुटलेल्या माणसाचा मणकाही डॉक्टर तपासतात, ते उगाच नाही.

फिल्मवाले हे अंतर विकत घेतात. पूर्वी रिकामी पुठ्ठ्याची खोकी थरावर थर रचायचे, चिकटपट्टी न लावता, कोपरे कापून, म्हणजे माणूस पडला की आतली हवा निघून जाईल आणि खोकं चेपत जाईल. वर गाद्या आणि ताडपत्री. छोट्या उंचीला अजूनही खोकी वापरतात. एअरबॅगमध्येही हवा निघायला वाटा ठेवलेल्या असतात. बॅग जास्त फुगली तर माणसाला परत उडवते, कमी फुगली तर माणूस थेट जमिनीवर. प्रत्येक बॅग किती उंचीपर्यंत चालते ते ठरलेलं असतं. आणि दोन्हींवर पडायचं ते पाठीवर, हनुवटी छातीला लावून. पायांवर पडला तर पाय बॅगेत रुततात आणि गुडघा उलटा जातो.

आपल्या तालमींना हे गणित शिकवावं लागलं नाही. हौद्यातली माती रोज खणतात, तेल-ताक घालून मऊ ठेवतात, ती याच कारणाने. खणलेली माती बोटभर जास्त दबते आणि तेवढ्याने खांदा वाचतो.

आता कुटार. कुटार म्हटलं की सगळ्यांना मऊच वाटतं. थ्रेशरमधून नुकतंच पडलेलं सोयाबीनचं कुटार खरंच मऊ असतं, पण पहिल्या एक-दोन उड्यांपुरतं. मग ते दबतं, जिथे पोरं पडतात तिथे खड्डा होतो, आणि चौथा पोरगा त्याच खड्ड्यात जवळपास जमिनीवर पडतो. पहिल्याचं बघून चौथा निर्धास्त असतो, घात इथेच होतो. पावसाने किंवा दवाने ओलं झालेलं कुटार तर धरूच नका. तुरीच्या कुटारात काड्या असतात, त्या डोळ्यात जातात. ढिगाच्या तळाशी विळा, जुनी वखराची पास, दगड, काहीही असू शकतं. उंदीर असले तर त्यांच्यामागे घोणस येतेच. पोरांना उड्या मारायच्याच असतील तर ढीग हातभर नव्हे, छातीभर उंच हवा, आधी दाताळ्याने पूर्ण पालथा करून बघावा, आणि दर दोन उड्यांनंतर पुन्हा मोकळा करावा. त्याचा कंटाळा आला की दिवस संपला. घरातल्या कापसाच्या खोलीत डोकं खाली करून उडी मात्र नको. कापूस मऊ आहे, पण तोंडावर बसला तर श्वास घेता येत नाही आणि उलटा रुतलेला माणूस स्वतःहून निघत नाही.

उलट्या उडीत मरण मानेत आहे. पोरगा अर्धवट फिरतो आणि टाळूवर नाहीतर मानेवर येतो. आमच्याकडे या उडीपर्यंत यायला कित्येक महिने जातात: पुढची कोलांटी, मागची कोलांटी, हातांवर उभं राहणं, मग मागे हात टेकून फिरणं, आणि मग कुठे हवेतली उडी. शेजारी सपोर्टला माणूस असतो. तो समोर किंवा मागे उभा राहत नाही, बाजूला राहतो. एक हात कमरेवर, दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला. पोरगा उडाला की कमरेचा हात त्याला वर ठेवतो आणि मांडीचा हात फिरवतो. चुकलं तर हाच माणूस त्याला पोटाशी ओढून घेतो. तुमच्या पोराच्या रीलमध्ये मित्र कुठे उभा आहे ते बघा. मोबाइल धरून दहा फुटांवर असेल तर तो सपोर्ट नाही, प्रेक्षक आहे.

कालव्याबद्दल मी इतका ताठर काहून? कालव्याच्या पाण्याला पाळी असते. परवा डोक्याएवढं होतं तिथे आज कमरेएवढं असतं, आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. मुटका मारला तर पाय मोडतील. सूर मारला तर डोकं तळाला लागून थांबतं आणि मागून सगळं अंग मानेवर येतं. मानेचा मणका तिथे मोडला तर मज्जारज्जू चिरडतो आणि पोरगा गळ्याखाली लुळा पडतो. हा अपघात पोहता येणाऱ्यांनाच होतो, न येणारा सूर मारत नाही. वर सिमेंटचे उतार शेवाळलेले असतात, धड माणसालाही तिथून चढून येणं अवघड. पुढे सायफन (रस्त्याखालून किंवा नाल्याखालून पाणी नेणारी बंद नळी) असेल तर ओढ वेगळीच. जुनी मंडळी विहिरीत उड्या मारायची खरी, पण ती विहीर त्यांची रोजची असायची आणि आधी कोणीतरी उतरून पाणी बघायचं.

ट्रॅक्टरचं कारण याहून साधं आहे. मागची चाकं अडली किंवा मागे भार जास्त झाला आणि क्लच झटक्यात सोडला, की इंजिनाचा जोर चाकांना फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं धूडच चाकांभोवती उचलतो. एक-दीड सेकंदात ते चालवणाऱ्यावर येऊन पडतं. तेवढ्या वेळात मेंदूने पायाला हुकूम देईपर्यंत खेळ संपलेला असतो, त्यामुळे इथे सराव कामाला येत नाही. पंजाबात एका मेळ्यात ट्रॅक्टरवर करामती करणाऱ्याचा जीव गेल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने या खेळांवर बंदीच घातली. आपल्याकडे तशी बंदी यायची वाट कशाला बघायची?

पोरगा म्हणेल, मोठे लोक करतात ते? मोठ्या लोकांचंच सांगतो. अमिताभ बच्चन जुलै १९८२ मध्ये बंगळूरला 'कुली'च्या शूटिंगमध्ये मरता मरता वाचले. तिथे ना उंच इमारत होती ना आग. साधी हाणामारी, एक ठोसा, आणि टेबलावर चुकीच्या जागी पडणं. पोटात आतून इजा झाली. जॅकी चॅनची कवटी फुटली ती १९८० च्या दशकात, युगोस्लाव्हियात, भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी घेताना. त्याच्या कारकिर्दीतल्या उड्यांच्या मानाने ती किरकोळ होती. पहिला टेक नीट झाला होता, त्याला आणखी चांगला हवा होता, दुसऱ्या टेकला फांदी मोडली. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत मुख्य नटाचा डुप्लिकेट असलेला डेव्हिड होम्स जानेवारी २००९ मध्ये केबलवरच्या झटक्याच्या सीनचा सराव करत होता. भिंतीवर आदळून मान मोडली, तो कायमचा व्हीलचेअरवर आला. सराव, दुसरा टेक, साधी मारामारी. मोठ्या स्टंटला सगळे जागे असतात. 'हे तर काहीच नाही' असं युनिटवर कोणी म्हणालं की जुना फायटर तिथून उठून पट्टे तपासायला जातो.

खेळातही तेच. कबड्डीत लोकांना साखळीतली धडक भीतीदायक वाटते, पण गुडघ्याचा लिगामेंट बरेचदा कोणी हात न लावता, एकट्याने वळताना तुटतो, त्यातही थंडीतल्या रात्रीच्या सामन्यात अंग गरम न करता उतरलेल्याचा. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याची काळजी सगळे करतात, जखमी मात्र बरेचदा पटाच्या कडेला मोबाइल काढून उभा असलेला माणूस होतो.

युनिटवर मला एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. उडी मारणाऱ्याला 'आज नाही' म्हणायचा हक्क असतो, निदान चांगल्या मास्तरांकडे असतो. वारा आहे, अंग दुखतं, मन लागत नाही, काहीही कारण. आणि मास्तरालाही त्याला थांबवायचा हक्क असतो. गावातल्या टोळीत हे दोन्ही नसतं. तिथे जो 'नाही' म्हणतो तो भित्रा ठरतो. तुम्ही पोराशी बोलाल तेव्हा उडीबद्दल कमी बोला. त्याला विचारा, तुमच्यात थांबवणारा कोण आहे?

लागलंच तर काय करायचं, हे मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. गावात सगळ्यात वाईट प्रकार घडतो तो अपघातानंतर: पडलेल्या पोराला उचलून मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवतात आणि नेतात. मान किंवा कंबर दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील, तर त्याला उठवायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायला मान उचलायची नाही. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं जसं आहे तसं स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हलवणं भागच असेल तर चार माणसांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून एकदम कुशीवर वळवायचं आणि खाली फळी किंवा दाराचं पान सरकवायचं. श्वासच बंद असेल तर मात्र आधी छाती दाबायची, मानेचं नंतर.

डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान गेलं, किंवा पोरगा तेच तेच विचारू लागला, तर त्या दिवशी पुन्हा उडी नाही. भान जाणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड, झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. नाहीतर एक-दोन दिवस आराम, मग टप्प्याटप्प्याने. पहिली दुखापत भरायच्या आत दुसरी बसली तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो, तो याच भीतीने.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मे-जूनमध्ये सकाळी नऊनंतर सराव नाहीच. पोरगा बडबडू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या आणि अंग तापलं, तर गाडी शोधत बसू नका. सावलीत घेऊन बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला. आधी थंड करा, मग न्या.

आता शिकायचं कुठे. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. दारव्ह्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे जाऊन मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स दोन्ही बघा. स्टंट शिकायचा असेल तरी सुरुवात मी मल्लखांबापासूनच करायला सांगतो. एरंडेल लावलेल्या खांबावर पकड, पोटाची ताकद आणि उलटं असताना आपण नेमके कुठे आहोत याचं भान येतं. केबलवर लटकलेल्या माणसाला हेच लागतं. वर्षभर नियमित केलं तर पोराला स्वतःलाच कळेल की कुटारावरच्या उड्यांमध्ये काय कमी होतं. शिवाय मान्यताप्राप्त स्पर्धांमध्ये ठरलेल्या पातळीपर्यंत यश मिळालं तर सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. त्याला मुंबई नको झाली तर हे कामाला येईल, आणि आईलाही हे सांगता येईल.

मुंबईचं खरं सांगतो. तिथे संघटनेचं कार्ड लागतं, त्याशिवाय मोठ्या युनिटवर काम मिळणं कठीण. ओळखीशिवाय गेलेला पोरगा आधी गर्दीत उभा राहतो. आणि कोणी 'फुकट उडी मारून दाखव, मग बघू' म्हणाला तर तिथून निघायचं, कारण जो उडीचे पैसे देत नाही तो गादीचेही देणार नाही. काम महिन्याचं नसतं, दिवसाचं असतं. लागलं तर घरी बसावं लागतं. ऑस्करवाल्यांनीसुद्धा स्टंटसाठी वेगळा पुरस्कार आत्ता, २०२५ मध्ये, जाहीर केला, तोही २०२७ मधल्या चित्रपटांपासून. इतकी वर्षं या लोकांचं नाव कोणी घेत नव्हतं. नाव व्हावं म्हणून जायचं असेल तर हा धंदा नव्हे. अंग चालवायला आवडत असेल तर आहे.

बँकेत जाऊन त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा बीमा लगेच काढून घ्या. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. लुळ्या पडलेल्या पोराला आयुष्यभर सांभाळायला दोन लाख पुरत नाहीत, हे त्यालाच आकडेमोड करायला लावा. त्याच्या रीलवर किती लाइक आले हे तो रोज मोजतो, हेही मोजेल.

अमरावतीला जाताना सकाळी सहाच्या सरावाला पोहोचाल असं बघा, दुपारी गेलात तर रिकामं मैदान दिसेल. आधीचं काही हाड मोडलेलं असेल तर त्याचा एक्स-रे सोबत घ्या. आणि शक्य झालं तर तो मोबाइल धरणारा मित्रही न्या. सपोर्ट द्यायला त्यालाच शिकवावं लागणार आहे.